भरलेला परत आलेला डबा

पत्र :

सदराला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, दोनदा ॲडमिट करावं लागलं. गेली चार वर्षं क्लोझापिन हे औषध चालू आहे. आवाज ऐकू येणं जवळजवळ थांबलंय, चिडचिड नाही, हात तेवढे थोडे थरथरतात. दिवसभर घरात असतो. दिवाळीनंतर माझ्या भावाने कुपवाडच्या एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्यात त्याला स्टोअरमध्ये लावून दिलं. आजाराचं तिथे काही सांगितलं नव्हतं. आठ दिवस गेला. नवव्या दिवशी बूट घालून तसाच बसून राहिला आणि म्हणाला, 'मी जाणार नाही.' सुपरवायझर म्हणाले, मोजामाप चोख आहे, पण कुणात मिसळत नाही. तिसऱ्या दिवसापासून डबा भरलेलाच परत यायचा. भाऊ म्हणतो, आधी त्याला माणसांत बसायला शिकव, मग नोकरीचं बघू. जाऊबाई म्हणतात, लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल. मिस्टर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, माझ्यामागे त्याला पेन्शन मिळेल, कशाला त्रास द्यायचा. आजाराचं आधीच सांगायला हवं होतं का? पुन्हा प्रयत्न करावा, की आहे त्यात समाधान मानावं?
— एक आई, सांगली

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि कोण काय म्हणालं त्याखाली रेघ मारत गेले. भाऊ, जाऊबाई, मिस्टर, सुपरवायझर, सगळ्यांचं म्हणणं आहे. मुलाच्या वाट्याला तीनच शब्द आलेत. ते तीन शब्द तो का म्हणाला, हे पत्रात कुठे नाही. तुम्ही विचारलं असेल आणि तो बोलला नसेल, हेही मी धरून चालते. या आजारात 'का' या प्रश्नाला उत्तर मिळणं अवघडच असतं.

पण तुमच्या पत्रात एक साक्षीदार आहे, आणि तुम्ही त्याला एका ओळीत उरकलंय. तो डबा.

स्टोअरचं काम डोळ्यांसमोर आणा. चलन आलं, माल मोजला, रजिस्टरला चढवला, रॅकवर लावला. काय करायचं ते ठरलेलं, बोलणं कामापुरतं. तुमच्या मुलाला ते जमत होतं, नुसतं जमत नव्हतं तर चोख जमत होतं. मग जेवणाची सुट्टी होते आणि ठरलेलं सगळं संपतं. सात-आठ जण गोल करून बसतात, डब्याच्या झाकणातून भाज्या इकडून तिकडे फिरतात, आणि नव्या माणसाची चौकशी सुरू होते. गाव कुठलं? आधी कुठे होतास? डिप्लोमा होऊन इतकी वर्षं काय केलंस? लग्न झालं? का नाही झालं? आपल्याकडे हे कुणी वाईट हेतूने विचारत नाही, उलट आपुलकीच असते ती. पण ज्याच्या आयुष्यातली नऊ वर्षं कुणाला सांगायची नाहीत असं घरातूनच ठरवून पाठवलंय, त्याला ती उलटतपासणी वाटते. त्यात हात थरथरतात. दहा डोळ्यांसमोर घास तोंडापर्यंत न्यायचा.

मी तिथे नव्हते, त्यामुळे छातीठोकपणे सांगणार नाही. पण बावीस वर्षं मानसिक पुनर्वसनाच्या कामात काढली आहेत, आणि कामामुळे सुटलेल्या नोकऱ्यांपेक्षा मधल्या सुट्टीमुळे सुटलेल्या नोकऱ्या मी जास्त पाहिल्या आहेत.

स्किझोफ्रेनिया म्हटलं की लोकांना आवाज, भास, संशय एवढंच आठवतं. गोळ्यांचा जोर बहुधा त्यांच्यावरच चालतो. नोकरीच्या आड येतं ते वेगळंच असतं आणि ते बाहेरून दिसत नाही. एक म्हणजे आतून ओढ न वाटणं, चेहऱ्यावर भाव न उमटणं, बोलणं तुटक होणं. डॉक्टर याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतात आणि नातेवाईक आळस म्हणतात. दुसरं, लक्ष टिकवणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं आणि झटपट उत्तर देणं यांत आलेला मंदपणा. तिसरं, समोरच्याचा चेहरा आणि सूर ओळखण्यातली अडचण. थट्टा कुठली आणि टोमणा कुठला, हे आपल्याला न शिकता कळतं. याला ते जुळवावं लागतं, आणि जुळवून उत्तर तयार होईपर्यंत गप्पा क्रिकेटवरून पगारावर गेलेल्या असतात. मग माणूस गप्प बसतो. गप्प बसला की लोक म्हणतात, शिष्ट आहे. दोन दिवसांनी कुणीतरी नाव ठेवतं. नवव्या दिवशी बूट घालून तो बसून राहतो.

म्हणजे भाऊ म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. माणसांत वावरणं शिकायला लागतं, आणि ते शिकवता येतं. चुकतंय ते 'आधी' या शब्दात.

माझीच गोष्ट सांगते, फारशी अभिमानाची नाही. मी ज्या केंद्रात होते तिथे एक शुभार्थी होता. (आमच्याकडे आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. 'पेशंट' आणि 'केअरटेकर'पेक्षा मला हे शब्द आवडतात.) तर हा शुभार्थी आमच्याकडे सहा वर्षं कागदी पाकिटं चिकटवत होता. दिवाळीत पणत्या रंगवायचा, मे महिन्यात फाइलला पुठ्ठे लावायचा. दर सहा महिन्यांनी मी त्याच्या कागदावर लिहायची : 'प्रगती आहे, अजून तयार नाही.' एके दिवशी तो आला नाही. चौकशी केली तर घराजवळच्या पिठाच्या गिरणीत कामाला लागला होता. गिरणीवाल्याने हाक मारून विचारलं, त्याने हो म्हटलं. मी भेटायला गेले तेव्हा अंगभर पीठ आणि एक बाई त्याच्यावर ओरडत होती की दळण जाड आलं. तो म्हणाला, 'ठेवा, परत काढून देतो.' हे वाक्य मी त्याला सहा वर्षांत शिकवलं नव्हतं, कारण पाकिटं चिकटवताना ते लागतच नाही.

पणत्या आणि पाकिटांना मी नावं ठेवत नाही. घरात कोंडलेला माणूस दहा वाजता अंघोळ करून कुठेतरी जायला लागतो, हे काही थोडं नाही. पण तिथे शिकलेलं तिथेच राहतं. कारखान्यातला डबा कारखान्यातच खायला शिकावं लागतं.

हे माझ्या एकटीचं मत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी नव्वदच्या दशकात ही उलटी पद्धत बसवली. ज्याला काम करायची इच्छा आहे त्याला लांबलचक पूर्वतयारीत न अडकवता थेट खऱ्या, पगारी नोकरीत लावायचं, आणि एक माणूस त्याच्या पाठीशी तो म्हणेल तितके दिवस ठेवायचा. शिकवणं नोकरी लागल्यावर. पुढे युरोपातल्या सहा ठिकाणी, तीनशेवर गंभीर मानसिक आजार असलेल्या लोकांवर याची तुलना झाली आणि २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. दीड वर्षात थेट नोकरीच्या गटातल्या साधारण ५५ टक्के लोकांनी निदान एक दिवस तरी खुल्या बाजारातलं काम केलं. आधी प्रशिक्षण, मग नोकरी, या नेहमीच्या गटात हे प्रमाण २८ टक्के होतं. 'निदान एक दिवस' वाचून तुम्हाला हसू येईल. तुमच्या मुलाने आठ केलेत.

आपल्याकडे अडचण आहे ती 'पाठीशी एक माणूस' इथे. सरकारी दवाखान्यात औषध मिळतं, समुपदेशक असला तर बोलायला मिळतं, पण कारखान्यात जाऊन सुपरवायझरशी बोलणारा आणि आठवड्याला डब्याची चौकशी करणारा माणूस सहसा मिळत नाही. तो तुम्हालाच शोधायचाय. कृपा करून स्वतः होऊ नका. आईने विचारलं की एकतिशीतल्या मुलाचं उत्तर 'बरं चाललंय' एवढंच असतं. मामाही नको. त्याने नोकरी लावून दिलीय, त्याला यश-अपयशाची फूटपट्टी लावायचा मोह होणार. मुलाचा शाळेतला एखादा मित्र, शेजारचे निवृत्त गृहस्थ, एखादा चुलतभाऊ, ज्याच्याशी तो आपणहून दोन वाक्यं बोलतो असा कुणीही चालेल. आठवड्यातून एकदा चहा आणि एकच प्रश्न : 'या आठवड्यात सगळ्यात अवघड काय गेलं?'

आता शिकवायचं कसं. याचं तंत्र साधं आहे, पण आपल्या घरांत ते नेमकं उलटं होतं. आपण म्हणतो, 'चारचौघांत नीट बोलत जा.' नीट म्हणजे काय हे त्याला कळलं असतं तर प्रश्नच नव्हता. 'नीट बोल' शिकवता येत नाही, एक वाक्य शिकवता येतं. म्हणून एका वेळी एकच प्रसंग घ्या. पहिला प्रसंग जेवणाच्या सुट्टीतला प्रश्न : 'आधी कुठे होतास?'

उत्तर तयार करू. खोटं नको, ते पाठ ठेवावं लागतं आणि त्याची आठवणीचीच तर अडचण आहे. 'मी पुण्याला होतो' म्हटलं की 'कुठल्या कंपनीत' हा पुढचा प्रश्न येतोच. सगळं खरंही नको. एवढं पुरे : 'मध्ये काही वर्षं तब्येत बरी नव्हती. आता ठीक आहे. तुम्ही किती वर्षं आहात इथे?' शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रश्न परत फेकला की समोरचा स्वतःबद्दल बोलायला लागतो, आणि स्वतःबद्दल बोलायला मिळालं की कुणालाही समोरचा माणूस बरा वाटतो. उत्तर मुलाच्या तोंडच्या भाषेत बसवा. तो 'तब्येत' म्हणत नसेल, 'आजारी होतो' म्हणत असेल, तर तेच.

सराव मिस्टरांनी घ्यायचा, तुम्ही नाही. तुम्ही मध्येच त्याचं वाक्य पूर्ण कराल, सगळ्या आया करतात. पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी मिस्टरांनी कामगार व्हायचं आणि मुलाने चौकशी करणारा. हा क्रम मुद्दाम सांगतेय. त्याला प्रश्न विचारायची बाजू मिळाली की भीती निम्मी होते, आणि वडील अडखळले की हसायलाही येतं. एका घरी वडिलांनी कामगार होऊन इतकं लांबलचक उत्तर दिलं की मुलगा म्हणाला, 'बाबा, एवढं कोण सांगतं?' त्या घरात वर्षभरात मुलाने बापाला पहिल्यांदा काही शिकवलं. मग अदलाबदल. त्याने म्हटल्यावर आधी काय बरं झालं ते सांगायचं आणि तेही नेमकं : 'आवाज ऐकू आला', 'प्रश्न परत विचारलास'. मग बदलायची फक्त एक गोष्ट. मग पुन्हा. तीन वेळा झालं की बंद करून चहा प्यायचा. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य खऱ्या माणसावर वापरून बघायचं. सलूनवाला उत्तम. न विचारता चौकशी करतो आणि निकाल देत नाही.

एक गोष्ट मात्र शिकवू नका : 'डोळ्यांत डोळे घालून बोल.' पाश्चात्त्य पद्धतीच्या प्रशिक्षणात ती पहिली पायरी असते. आपल्याकडे पोरगा सुपरवायझरच्या डोळ्यांत रोखून बघायला लागला तर त्याला उर्मट म्हणतील. आणि याला तर डोळ्यांत बघणं खरोखर जड जातं. भुवयांकडे बघायला सांगा. समोरच्याला फरक कळत नाही.

पुढच्या आठवड्यात दुसरा प्रसंग : काम चुकल्यावर साहेब आवाज चढवतात. वाक्य : 'चुकलं. परत एकदा दाखवा.' ज्याने वर्षानुवर्षं डोक्यातले आवाज शिव्या देताना ऐकले आहेत, त्याला खऱ्या माणसाचा चढा आवाज तुमच्या-माझ्यापेक्षा खोल लागतो. म्हणून हे खोटंखोटं ओरडण्यापासून सुरू करा, हळू आवाजात. तिसरा प्रसंग सुट्टी मागायचा. क्लोझापिन चालू आहे म्हणजे ठराविक दिवशी रक्त तपासायला जावंच लागत असणार, ते कधीही चुकवायचं नाही. 'साहेब, मंगळवारी सकाळी रक्त तपासायला जायचंय, अकरापर्यंत येतो.' हे आदल्या दिवशी सांगता आलं की नोकरी टिकते. न सांगता दांडी मारली की जाते. गेलेल्या नोकऱ्यांपैकी बऱ्याच अशाच गेलेल्या असतात, निरोप न देता.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सांगायचं की नाही. माझं मत असं : सगळ्यांना नाही, पण एकाला हो. आणि सांगायचं त्याने, मामाने नाही. तो नको म्हणाला तर नाही. पहिल्या दिवशीच 'मला स्किझोफ्रेनिया आहे' असं सांगायची गरज नाही. त्या शब्दाचा अर्थ समोरच्याने सिनेमातून घेतलेला असतो. आजाराचं नाव सांगण्यापेक्षा गरज सांगावी : 'सकाळच्या गोळीची गुंगी असते, नऊऐवजी दहाला आलो तर चालेल का?' 'तोंडी सांगितलेलं विसरतो, कागदावर लिहून द्याल?' 'जेवायला मी सुरुवातीला स्टोअरमध्येच बसतो.' सुपरवायझरने मोजामाप चोख आहे असं आपणहून सांगितलं, म्हणजे माणूस बघणारा आहे. त्याला थोडं सांगितलं असतं तर नववा दिवस वेगळा गेला असता असं मला वाटतं. तिथे अजून जागा असेल तर तुमच्या मुलाने त्याला एक फोन करायला हरकत नाही. या फोनचाही सराव होतो.

कायद्याचं बळ आहे, ते माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि मानसिक आजार त्यांत आहे. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरे मिळून आहे. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं की, मानसिक आजार असलेला माणूस शिस्तभंगाच्या कारवाईत सापडण्याची शक्यताच इतरांहून जास्त असते, आणि अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. निकाल मोठा आहे. पण खरं सांगायचं तर शेडमधल्या पंधरा माणसांच्या कारखान्यात नवव्या दिवशी हे काही कामाला येत नाही. तिथे सुपरवायझरच कामाला येतो.

तरी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, सरकारी रुग्णालयात तपासणी होते, ४० टक्के किंवा जास्त भरलं तर बहुतेक सवलती आणि आरक्षण लागू होतं. तिथे मोजतात ते काय, ते वाचून तुम्हाला गंमत वाटेल : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. शिवाय आजाराची वर्षं. म्हणजे तुमचा भाऊ, सुपरवायझर आणि सरकार, तिघांचं बोट एकाच ठिकाणी आहे. 'शिक्का बसेल' म्हणून बरीच घरं अर्जच करत नाहीत. कार्ड कपाटात ठेवायचं, कुणाला दाखवायचं ते तुमच्या मुलाने ठरवायचं.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. सकाळची सुस्ती कमी व्हावी म्हणून गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का, आणि हातांच्या थरथरीवर काही करता येईल का. मनाने एकही गोळी इकडची तिकडे करू नका. आणखी एक, जे कुणी सांगत नाही. कारखान्याबाहेरच्या टपरीवर दोस्ती जुळते ती बहुधा सिगारेटवर. सिगारेटच्या धुराने क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण खाली येतं, आणि ओढणाऱ्याने एकदम सोडली तर वर जातं. म्हणून तो ओढत असेल, नव्याने लागला असेल किंवा सोडत असेल, तर डॉक्टरांना कळलंच पाहिजे. रागावू नका, नुसतं कळवा. मला तर टपरीवर त्याला कुणी सोबत घेतलं याचाच आधी आनंद होईल. आणि दोन-तीन महिने नोकरी टिकली की घरात कुणीतरी म्हणतंच, 'आता बरा झाला की, गोळ्या कशाला?' त्या वेळी तुम्ही खमकेपणा दाखवायचाय.

पुन्हा सुरू कराल तेव्हा आठ तासांनी करू नका. तीन-चार तास, आठवड्यातून तीन दिवस. मार्केट यार्डातली हळदीची पेढी, कोल्ड स्टोरेजमधलं आवक-जावक रजिस्टर, औषधाच्या दुकानाची मागची खोली, रोपवाटिका, असं जिथे मोजायचं आणि लिहायचं काम आहे आणि एका वेळी दोनच माणसं आहेत, तिथे बघा. डिप्लोमा झालेल्याने पेढीवर बसायचं का, असं नातेवाईक म्हणतील. त्यांना म्हणू द्या. पण मुलगा म्हणाला तर ऐका. त्याला मशिनजवळच जायचं असेल तर मशिनजवळच शोधा, वेळ लागला तरी. नावडत्या कामात धडधाकट माणूसही टिकत नाही.

लग्नाचं एका ओळीत : नाही. लग्न हे औषध नव्हे आणि कुणाची मुलगी हे पुनर्वसन केंद्र नव्हे. आजार लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्दही होऊ शकतं. उद्या तो कमावता झाला आणि त्यालाच वाटलं, तर मुलीला सगळं सांगून काय ते बघता येईल.

पेन्शनचं मिस्टर म्हणतात त्यात तथ्य आहे. मानसिक आजारामुळे कमवू न शकणाऱ्या अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे, पण तिला उत्पन्नाची अट असते. मिस्टर आहेत तोवरच मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयात नोंदवून ठेवा, आणि अर्धवेळ कामाच्या पगाराने काय फरक पडतो ते तिथूनच लेखी घ्या. ही कामं त्यांना द्या, त्यांना जमतील. त्या भविष्यातल्या पेन्शनसाठी आजचा ३१ वर्षांचा माणूस खुर्चीत बसवून ठेवायचा, हे मात्र मला पटत नाही. मिस्टरांनी स्वतः तीसेक वर्षं रोज सकाळी कुठेतरी जाऊन सही केली असेल. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात कसं वाटलं होतं ते त्यांना विचारा.

तुम्हालाही माणसं हवीत. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, सगळे तिला 'सा' म्हणतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. एकदा पुण्याची एसटी धरून जाऊन या. शुभंकरांच्या बैठकीत एक तास बसलात तरी कळेल की भरलेला डबा परत येणारं तुमचंच घर नाही. अडीनडीला १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

या आठवड्यात नोकरीचा विषय काढू नका. संध्याकाळी मिस्टर आणि तो, दोघांना डबे भरून द्या आणि कृष्णेच्या घाटावर जाऊन खाऊन यायला सांगा. तुम्ही जाऊ नका. परत आल्यावर 'काय बोललात' विचारू नका, नुसते डबे घासायला घ्या. आणि हो, डब्यात पातळ आमटी-रस्सा देऊ नका. बटाट्याची कोरडी भाजी, पोळीचा रोल, थालीपीठ, असं एका हातात धरून खाता येईल ते. कारखान्यातही हेच द्यायला हवं होतं.